केलेची ओबीची चूक

चांद्रतळाच्या नियंत्रण कक्षात वैजयंती गुर्जरच्या मनगटावरचा पट्टा सकाळपासून कितव्यांदा तरी थरथरला, तेव्हा तिने तो सोडून डॉ. तळवलकरांच्या पुढ्यात टाकला.

"तुमचं यंत्र बिघडलंय, डॉक्टर. केलेची ओबी नुसता दारात आला तरी थरथरतं. मी कधी त्याला वावगा शब्द बोललेली नाही. आणि कातडीच्या रंगावरून मिळणारी वागणूक म्हणाल, तर परदेशात शिकताना ती मी स्वतः पोटभर भोगलीय."

तळवलकर तळावरचे मेंदूतज्ज्ञ. समोरच्या माणसाबद्दल मनात आधीच असलेला कल टिपणारा हा कलमापक त्यांनीच बनवला होता. कानामागची चकती मेंदूतले संकेत टिपायची आणि पट्टा थरथरायचा. तळप्रमुखाला तो बांधणं सक्तीचं होतं, आणि वैजयंती तळप्रमुख होती.

"माणूस समोर आला की मेंदू आधी कल देतो, विचार मागून येतो," तळवलकर म्हणाले. "त्या दोहोंमधल्या फटीत चकती डोकावते. तुम्ही वाईट आहात, असं ती म्हणत नाही. ऐकण्याआधीच तुमचं मत झालंय, आता नीट ऐका, एवढंच सांगते."

"आणि तो खरंच चुकत असला तर?"

"तर चुकतोय. ते कलमापकाला कळत नाही. ते तुम्हीच ठरवायचं."

वैजयंतीने वैतागून पट्टा पुन्हा बांधला.

केलेची लागोसचा, कृष्णवर्णीय, तळाची हवा सांभाळणारा अभियंता. दोनच दिवसांनी त्याचा निरोप आला, की भाजीच्या हरितगृहातला दाब उतरतोय. पट्टा थरथरला. 'घाबरट आहे,' हा तिच्या मनातला पहिला शब्द. पण तळवलकरांनी सांगितल्याप्रमाणे तिने नीट ऐकून घेतलं, हरितगृह रिकामं केलं आणि बंद करवलं. दार बंद झालं की आतली ऊबही तुटते. तपासणी झाली तेव्हा गळती कुठेच नव्हती, दाबमापकच बिघडून खोटा आकडा दाखवत होता. तोवर पालक, मेथी, टोमॅटो, सगळं थंडीने काळं पडलं होतं.

तिने केलेचीची तळापासून दूरच्या खाणीवर बदली करायचं ठरवलं. पट्टा थरथरला. आता मात्र तिचा संयम सुटला. तिने तळवलकरांना बोलावून घेतलं.

"तुमच्या यंत्राच्या नादाने ऐकलं आणि भाजी गेली. आता चुकीला चूक म्हणायचीही चोरी का?"

"मुळीच नाही. गेल्या महिन्यात हेन्रिकनेही खोटा इशारा दिला होता. अख्खा तळ अंतराळवेष चढवून बाहेर ताटकळला. त्याची बदली कुठे केलीत?"

वैजयंतीला तो दिवस आठवला. गोरापान, हसतमुख अभियंता हेन्रिक. 'सावध माणूस आहे, असाच हवा,' असं तीच म्हणाली होती. पट्ट्याने तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं.

"बरं, समजलं मला," ती थकून म्हणाली. "आता तरी थांबेल ना हे?"

"समजणं मागून येतं, बाई. कल त्याच्याआधी. इतक्यात नाही थांबायचा."

तिने बदलीचा विचार सोडला आणि तसं सांगायला केलेचीला बोलावलं. पण बदलीची कुणकुण लागल्याने तो आधीच ठरवून आला होता.

"मॅडम, मला खाणीवर पाठवा," तो म्हणाला.

"चूक कुणाचीही होते, केलेची. मी तुम्हाला हलवणार नाही."

"हेन्रिक चुकला तर हेन्रिक चुकतो. मी चुकलो तर माझ्या देशातून पुढे येणारे सगळे चुकतात. तुमचा पट्टा तुम्हाला आत्ता सांगतो. मला तुमचा चेहरा पहिल्या दिवसापासून सांगत आलाय. म्हणून मी पुरती खात्री झाल्याशिवाय बोलत नाही. हरितगृहाच्या वेळी तेवढं धाडस केलं, आणि काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

वैजयंतीने जपून विचारलं, "खात्री नाही म्हणून न बोललेलं काही आहे?"

तो दाराकडे वळला.

"केलेची, आहे?"

"पाण्याच्या टाकीमागचा सांधा. झोपायच्या दालनाला लागून. कालपासून मला तिथला आवाज वेगळा वाटतोय. नुसतं वाटतंय, मॅडम. आकडे सगळे बरोबर आहेत."

ती उठली. "चला, दाखवा."

टाकीमागे वाकून त्याने सांध्यावर कागदाचा कपटा धरला. बाहेर निसटणाऱ्या हवेच्या ओढीने कपटा त्याच्या बोटांतून सुटला आणि भिंतीला चिकटून बसला. पलीकडच्या दालनात दुसऱ्या पाळीची माणसं गाढ झोपली होती.