शुक्रवारची कोमट बिअर

"माझे नमुने कुणीतरी नासवतंय!" डॉ. डेस्पिना कॅरस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

क्लेमच्या हातातला चहा हिंदकळला. त्याची बायको मर्ल पास्को, ॲडलेडची खासगी गुप्तहेर, मात्र हलली नाही. "कसले नमुने?"

"टेगनच्या रक्ताचे. नऊ वर्षांची आहे. दुधाचा दात पडला तरी हॉस्पिटल गाठावं लागतं. जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या पेशींना 'धावा' असा निरोप जातो. एक एन्झाइम त्याला लगाम घालतं. टेगनचा लगाम कायम आवळलेला, माझं औषध तो सैल करतं. मंगळवारी पहिली चाचणी झकास झाली. त्यानंतरच्या दोन्ही शुक्रवारी औषध घालायच्या आधीच पेशी खवळलेल्या! आज पुन्हा शुक्रवार, दुपारी शेवटची संधी. फसली, तर टेगनला औषध नाही."

"संशय?"

"गॅव्हिन प्रुइट. त्याच एन्झाइमवर काम करतो. माझं काम बुडालं की माझी खोली त्याला. बोलतसुद्धा नाही आम्ही."

डेस्पिनाच्या संशोधन संस्थेत मर्लने आधी फसलेल्या चाचण्यांच्या नळ्या पाहिल्या. त्यांच्यावरच्या नावांची शाई पसरलेली होती.

"घामाने असेल," क्लेम म्हणाला.

"रक्ताला घाम येतो होय, साहेब?" रक्त आणणारा ड्रायव्हर मजोक हसला. "ते दोन्ही शुक्रवार कसले तापले होते, बाप रे! पण पेटी जाड आहे, आत उकडत नाही. मागच्या दाराशी फळीवर ठेवतो. बाई मीटिंग संपली की नेतात."

मर्लने विचारताच गॅव्हिन कानापर्यंत लाल झाला. "मी कशाला तिच्या पेटीला हात लावू? पण एवढ्या उन्हात रक्त असं टाकून ठेवायचं? माझं एन्झाइम मी क्षणभर बर्फाबाहेर ठेवत नाही!" मग हळूच, "ती पोरगी... बरी आहे ना?"

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गॅव्हिन, आज तरी संध्याकाळच्या पार्टीची बिअर गार ठेव रे! दोन शुक्रवार नुसता काढा पाजलास!"

"हाच तो चोर," क्लेम बाहेर येऊन कुजबुजला.

"तू आपला गाडी चालव," मर्ल म्हणाली. तिने मजोकला पेटी थेट डेस्पिनाच्या हातात द्यायला सांगितली.

दुपारी सगळे यंत्रापाशी जमले. औषधाआधी पडद्यावरची रेघ सपाट होती. पेशी शांत होत्या.

"आज कुणी हात लावला नाही म्हणून," मर्ल म्हणाली. "शाई पाण्याने पसरली. पाणी कुठलं? वितळलेल्या बर्फाचं. बर्फ कुठला? त्याच दोन शुक्रवारी बिअर कोमट होती, आणि बिअरची पेटी गॅव्हिनकडे असते. नळ्या त्याने बर्फात ठेवल्या आणि मीटिंग संपायच्या आत परत ठेवल्या."

"नालायका!" डेस्पिना किंचाळली.

"थांबा. नासवायचंच असतं तर उन्हात ठेवल्या नसत्या? नळीतलं एन्झाइम बर्फात टिकतं, गॅव्हिनला जन्माची तीच सवय. पण या जिवंत पेशी गारठल्या की खवळतात. हे तुम्हाला माहीत, त्याला नाही. तो रक्त वाचवत होता."

गॅव्हिन डेस्पिनाकडे वळला. "पोरीचं रक्त उन्हात बघवेना. आणि तुला सांगायचं कसं? आपण बोलतो कुठे!"

डेस्पिना यंत्राकडे वळली. तिने औषधाचा थेंब सोडला.

रेघ उठली. टेगनच्या पेशी धावल्या.

डेस्पिना रडत रडत हसली. "चल रे, गाढवा," ती गॅव्हिनला म्हणाली, "टेगनच्या आईला फोन लावू. आणि आज बर्फ बिअरमध्येच राहू दे."