आत्याच्या गाडीची काच कुणी फोडली?

“आउट! सरळ सरळ आउट!” वैष्णवी ओरडली.

“काऊन आउट? बॉल पायाले लागला, स्टंपाले नाई!” अश्वजित बॅट सोडायला तयार नव्हता.

“पायाला लागला म्हणूनच आउट. त्यालाच एलबीडब्ल्यू म्हणतात, शहाण्या!” समतानं धाकट्या भावाच्या हातातली बॅट ओढली. अश्वजितनं ती परत ओढली. वैष्णवी बॉल मुठीत धरून दोघांची ओढाताण बघत हसत उभी राहिली.

उंद्री गावात दिवाळीच्या सुट्टीचे अजून आठ दिवस बाकी होते. समाजमंदिराशेजारच्या मोकळ्या जागेत तिघांचा रोजचा सामना रंगायचा. समता आणि वैष्णवी आठवीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. अश्वजित पाचवीत, पण भांडणात दोघींना पुरून उरणारा. त्यांच्या खेळपट्टीपासून थोडं पुढे, लिंबाच्या सावलीत, अनुपमाआत्याची पांढरी गाडी उभी होती. आणि नालीच्या काठानं शेजारचे शंकरराव मशीननं गवत कापत होते. पावसाळ्यात ते कमरेएवढं वाढलं होतं. सकाळपासून मशीनची घरघर चालू होती, इतकी की आता ती कुणाला ऐकूही येत नव्हती.

फटाक्!

आणि पाठोपाठ, खडीसाखरेचं पोतं ओतावं तसा आवाज झाला. तिघांनी वळून पाहिलं. आत्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला काचच राहिली नव्हती!

“फोडली! शेवटी फोडलीच!” मशीन बंद करून शंकरराव धावत आले. “किती खेपा सांगतलं तुमाले, गाडीपाशी खेळू नका म्हणून!”

“काका, पण बॉल तर माझ्या हातात आहे!” वैष्णवीनं मूठ उघडून दाखवली.

“हाव, हाव! काच आपोआपच फुटली! बॉल उचलून आणाले किती वेळ लागते?” शंकररावांनी अश्वजितच्या हातातली बॅट काढून घेतली. “काच लागेपर्यंत खेळ बंद!”

आवाज ऐकून अनुपमाआत्या घरातून बाहेर आल्या. त्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. त्या रागावल्या नाहीत. नुसत्या त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या. मुलांना तेच जास्त लागलं.

“गुरुवारी मोतीराम आबांना बुलढाण्याला न्यायचं होतं गं,” त्या हळूच म्हणाल्या.

वैष्णवीचा चेहरा उतरला. मोतीराम म्हणजे तिचे आजोबा. भाजीपाल्याची शेती करणारा माणूस, पण दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वांगं पिकलं की किडलं हे आता ते हातानं चाचपून ओळखायचे. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली होती. एकदा साखर वाढली म्हणून, एकदा गाडी मिळाली नाही म्हणून. आता मिळाली होती ती परवाची. रस्ता खणून ठेवलेला, नुसता धुरळा! डॉक्टरांनी बजावलं होतं, परत नेताना डोळ्यात धुळीचा कणही जाता कामा नये. गावातल्या बाकीच्या गाड्या लग्नांसाठी आधीच ठरलेल्या.

“आता सगळे म्हणतील, वैष्णवीनंच आबाचं ऑपरेशन हुकवलं,” ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

“रडू नको,” समता म्हणाली. “आपण फोडली नाही ना? मग कुणीतरी फोडलीच असेल. शोधू!”

गाडीची मागची सीट काचेच्या बारीक बारीक तुकड्यांनी भरली होती. आत्यांनी मुलांना हातमोजे दिले आणि ब्रशनं तुकडे सुपलीत ओढायला सुरुवात केली. “बोटं सीटच्या फटीत घालू नका,” त्यांनी बजावलं.

“आत्या, थांबा!” समता एकदम ओरडली. चमचमणाऱ्या तुकड्यांत एक काळी वस्तू होती. तिनं ती उचलली. बोराएवढा दगड! एका बाजूनं मातीनं माखलेला, दुसरी बाजू ताजी फुटलेली, धारदार.

“गाडीत दगड कुठून आला बे?” अश्वजितनं डोळे मोठे केले.

“आणि हे पाहा!” वैष्णवी मागच्या उजव्या दाराकडे बोट दाखवत होती. दाराच्या आतल्या कापडावर नखाएवढी खोच पडली होती. डाव्या खिडकीतून आत आलेला दगड थेट तिथं जाऊन आदळला होता.

समता विचारात पडली. “आपण गाडीच्या मागच्या बाजूला खेळत होतो. बॉल लागला असता तर मागच्या काचेला लागला असता, नाहीतर तिरका गेला असता. हा तर एका दारातून शिरून बरोबर समोरच्या दाराला लागलाय. म्हणजे आला कुठून? अश्वजित, घरातून सुतळीचा बंडल आण!”

वैष्णवीनं सुतळीचं एक टोक त्या खोचेवर दाबून धरलं. समतानं सुतळी फुटलेल्या खिडकीच्या मधोमध नीट धरली. अश्वजित बंडल सोडत सोडत सरळ रेषेत चालू लागला. पाच पावलं... दहा... पंधरा...

“सरळ चाल! डावीकडे चाललास!”

“सरळच चालून राह्यलो ना!”

विसाव्या पावलावर तो थांबला. त्याच्या पायाशी कापलेलं गवत संपत होतं आणि उभं गवत सुरू होत होतं. शंकररावांनी मशीन बंद केलं होतं ती जागा!

तिघंही गुडघ्यांवर बसली. गवताच्या बुडख्यांत नालीच्या कामातले दगड अर्धवट रुतलेले होते. त्यातल्या एकावर पांढरा, ताजा घाव होता. समतानं हातातला तुकडा त्या घावावर ठेवला. कुलुपात किल्ली बसावी तसा तो बसला!

“सापडला!” अश्वजितनं उडी मारली.

शंकररावांना मात्र ते मुळीच पटलं नाही. ते ओट्यावर चहा पीत बसले होते.

“मशीन गवत कापते, पोरीहो. दगड नाई फेकत. चार वर्षं वापरून राह्यलो मी!”

“पण काका, पात्यावर झाकण असतं ना? मशीनच्या खोक्यावरच्या चित्रात आहे. तुमच्या मशीनला ते दिसत नाही,” वैष्णवीनं विचारलं.

“काढून ठेवलं. त्याच्यात गवत अटकते. जा आता, उगाच डोकं खाऊ नका!”

मुलं तिथून निघाली. “पुरावा दाखवला तरी मानत नाहीत!” वैष्णवी चिडून म्हणाली.

“तुकडा आपणच नेऊन ठेवला असंही म्हणतील,” समता म्हणाली. “त्यांच्याच हातानं त्यांना दाखवायला हवं.” मग तिनं दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं. अश्वजित हसत सुटला.

दुपारी आत्यांनी गाडी घरामागे नेली. गाडीच्या जागी मुलांनी दोन रिकामे ड्रम ठेवून त्यांना एक जुना पत्रा टेकवला. समतानं आत्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी आधी एक अट घातली, ती म्हणजे मशीन चालू असेपर्यंत एकही माणूस उघड्यावर दिसता कामा नये. बकऱ्यासुद्धा हलवल्या गेल्या. मग अश्वजित शंकररावांकडे गेला.

“काका, वैष्णवी म्हणते नालीकाठचं गवत लई जाड हाये. तुमच्या मशीनच्या बापाच्यानंही ते होणार नाई!”

“कोण म्हणते?” शंकरराव ताडकन उठले. “अर्ध्या तासात साफ करतो! पाह्य!”

“आम्ही भिंतीआडून पाहतो!”

शंकररावांनी चष्मा लावला, बूट घातले आणि मशीन सुरू केलं. घर्रर्र! समाजमंदिराच्या भिंतीआड आत्या, तिघं मुलं आणि शेजारची चार-पाच माणसं श्वास रोखून उभी होती. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं. गवत आडवं पडत होतं, बाकी काहीच नाही. अश्वजितचं तोंड एवढंसं झालं.

“ताई, दगड नाई उडाला तर?”

टण्ण्!

पत्रा थरथरला. शंकररावांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा मशीन फिरवलं.

टण्ण्! या वेळी पत्रा ड्रमवरून धाडकन खाली पडला.

मशीन बंद झालं. शंकरराव हळूहळू चालत पत्र्याजवळ आले. पत्र्यात दोन खोल पोचे पडले होते. त्यांनी एका पोच्यात अंगठा घालून पाहिला, मग लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“गाडीत कोणी बसलेलं असतं तर...” त्यांचा आवाज अडखळला. “आत्ता सकाळी पोरं इथंच होती. अरे देवा!”

शंकरराव घरात गेले आणि बॅट घेऊन आले. त्यांनी ती अश्वजितच्या हातात दिली. “चुकलो मी. न पाहता तुमच्यावर घेतलं. वैष्णवी, बेटा, तुह्या आबाले गुरुवारी नेऊच आपण. काचेचं मी पाहतो!”

पण काच मिळणं सोपं नव्हतं! चिखलीचा रवी गाड्यांच्या काचा बसवायचा. आत्यांनी त्याला फोन लावला.

“ताई, मॉडेल जुनं आहे. मागवली तर पाच-सहा दिवस. खामगावच्या भंगारात तशा दोन-तीन गाड्या उभ्या आहेत म्हणे. कुणी जाऊन आणली तर उद्या दुपारी बसवून देतो. पण नीट पाहून आणा! पुढची-मागची, डावी-उजवी सगळी वेगळी असते.”

“मले काय समजते त्यातलं?” शंकरराव डोकं खाजवू लागले. “चुकीची आणली तर?”

“थांबा!” वैष्णवी म्हणाली. “उजव्या दाराची काच शाबूत आहे ना? तिचा साचा काढू. आई ब्लाउजचं माप कागदावर काढते, तसा!”

वर्तमानपत्राचे दोन कागद चिकटवून तिनं उजव्या काचेवर पसरले, कडेकडेनं पेन्सिल फिरवली. दाराच्या पोटात दडलेला भाग तेवढा दिसत नव्हता, पण वरचा सगळा उतार उतरला. मग तिनं कागद उलटा केला. “ही झाली डावी!” समतानं काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं जशीच्या तशी त्यावर लिहिली.

बुधवारी उजाडताच शंकरराव मोटारसायकल घेऊन खामगावला निघाले. दुपारी परतले ते पाठीला गोधडीत गुंडाळलेली काच बांधूनच. “भंगारवाल्यानं तीन काचा देल्ल्या, तिन्ही साच्याले बसेनात! तो वैतागला, म्हणे घेऊन जा, सारख्याच असतात. मी म्हटलं, नाई! आमच्या पोरीचा कागद म्हणते नाई, म्हणजे नाई! चौथी बसली!”

रवी आला. त्यानं दाराचं आतलं आवरण सोडवलं, तर दाराच्या पोटातून आणखी मूठभर तुकडे खळखळत खाली पडले. “हे सगळे काढल्याशिवाय नवी काच नको. एखादा तुकडा राहिला तर काच वरखाली होताना ओरखडे पडतात.”

मोठे तुकडे निघाले, पण बारीक चुरा कोपऱ्यात अडून बसला. ब्रश तिथं पोचेना. अश्वजित घरात पळाला आणि कणकेचा ओला गोळा काठीच्या टोकाला लावून घेऊन आला. “आईची काचेची बरणी फुटली होती, तवा तिनं असंच केलं होतं!” काठी आत फिरवली, तसा गोळा चमकत बाहेर आला. रवीनं शिट्टी वाजवली. “कारखान्यात येतो का रे माझ्या?”

“आधी पाचवी पास होऊ दे त्याला!” समता म्हणाली.

काच रबरात सरकली. रवीनं काच वर घ्यायची दांडी फिरवली. काच अर्ध्यावर आली आणि कर्रर्र! सगळ्यांचा जीव खालीवर झाला. रवीनं काच खाली घेतली, बॅटरीच्या उजेडात रबराची खाच पाहिली आणि चिमट्यानं तिच्यातून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा उपसला. पुन्हा दांडी फिरवली. या वेळी काच आवाज न करता थेट वरपर्यंत गेली.

शंकररावांनी लगेच मशीनचं झाकण शोधून आणलं आणि रवीच्याच पान्यानं सर्वांसमोर ते बसवलं. “आता हे काढून मशीन चालू करीन, त मले बोला!”

गुरुवारी मोतीराम आबा गेले आणि संध्याकाळी परतले. खणलेल्या रस्त्यावर टिप्परमागून टिप्पर धावत होते, बाहेर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. गाडीत मात्र चारही काचा बंद होत्या, आणि आबा डोळ्यावर पट्टी बांधून वैष्णवीच्या खांद्यावर डोकं टेकून शांत झोपले होते.

शुक्रवारी आत्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी काढून काळा चष्मा लावला. शनिवारी सकाळी समता, अश्वजित आणि शंकरराव आबांना भेटायला आले. आबा अंगणात बाजेवर बसले होते.

“काल अनुपमानं सगळं सांगतलं मले,” आबा म्हणाले. “दगड शोधला, साचा काढला, कणकेनं चुरा वेचला. मोठ्यायच्या ध्यानात नाई आलं ते पोरायनं केलं. शाबास!”

“मी त म्हणतो,” शंकरराव म्हणाले, “ग्रामपंचायतीनं या तिघायले चौकशीलेच ठेवाव!”

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते मान पुढे काढून अंगणाच्या पार टोकाला, फाटकापाशी उभ्या असलेल्या अश्वजितकडे टक लावून बघत होते.

“काय झालं, आबा?” वैष्णवीनं घाबरून विचारलं. “दुखतंय का?”

“अश्वजित,” आबा म्हणाले, “तुह्या शर्टाची दुसरी गुंडी तिसऱ्या काजात घातली हाये बे!”

अश्वजितनं खाली पाहिलं. खरंच होतं. मग वैष्णवीनं “आबा!” म्हणून एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा धावत बाहेर आली.