वाकडा घेवडा

“तुम्ही उभं राहून एवढंच म्हणायचं वहिनी, की चाचणी तुमच्याकडून राहून गेली. बाकीचं मी सांभाळून घेतो.”

पावाला लोणी लावता लावता बाबू हे बोलला. मान वर करून बोलला असता तर निदान... पण नाही! लोणी कडेपर्यंत नीट पसरलंय ना, याचीच त्याला काळजी. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी हातातली किटली हळूच खाली ठेवली, कारण पलीकडच्या खोलीत धाकटी जाऊ झोपली होती आणि तिच्या पोटावरचे टाके अजून दुखत होते.

बाबू म्हणजे वहिनींचा दीर. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो दप्तर कुठं टाकलं हे रोज विसरणारा पोरगा होता. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याची आजारपणं, त्याच्या परीक्षा, त्यानं धरलेल्या आणि सोडलेल्या नोकऱ्या, सगळं वहिनींनीच निस्तरलं. बाहेर मात्र तो आता अध्यक्ष होता. विष न फवारता, कचरा न जाळता, आपल्या ताटापुरतं आपल्या परसात पिकवून माणसानं जगावं, या एका हट्टापायी वहिनींच्या नवऱ्यानं, बाबूच्या दादांनी, जिवाचं रान करून उभी केलेली संस्था गावोगाव पसरली होती. नवरा गेला तेव्हा सभासदांनी खुर्ची वहिनींपुढेच केली होती. “मला बोलता येत नाही, बाबूला येतं,” म्हणून त्यांनी ती दिराला दिली आणि स्वतः खतघर सांभाळलं. बोलता येत होतं त्यांना, चांगलं येत होतं! पण दिराचं कुठंच बस्तान बसत नव्हतं, हे त्या चारचौघांत कसं सांगणार होत्या?

खतघराचा एक नियम होता. नवा ढीग कितीही काळाभोर आणि भुसभुशीत दिसो, आधी त्यातलं खत कुंड्यांत भरून घेवडा पेरायचा. कुणी गवतावर तणनाशक मारलेलं असलं, ते गवत जनावरानं खाल्लं असलं, तर ते विष शेणातून, लिदेतून थेट खतात उतरतं. माणसाला त्याचा वासही येत नाही, पण घेवड्याला कळतं. त्याची पानं वाकडी होऊन मुठीसारखी मिटतात. पानं सरळ फुटली तरच पोती लोकांच्या घरी जायची. दादा असताना हेच होतं आणि दादांच्या मागेही वहिनींनी ते डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं.

या खेपेची लीद नव्या ठिकाणची होती. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका बड्या असामीचा तबेला. त्याला संस्थेत आणलं म्हणून बाबूची छाती फुगलेली. इकडे धाकटीचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि वहिनी तिच्या उशाशी राहायला दवाखान्यात गेल्या. जाताना बजावून गेल्या, “कुंड्या लावल्यात मी. पानं फुटेपर्यंत खतघराचं कुलूप काढू नकोस.” आणि या दिवट्यानं काय करावं? वार्षिक मेळाव्यात त्या तबेलेवाल्याच्याच हस्ते घराघराला पोती वाटली! बायको दवाखान्यात कण्हत होती, वहिनी तिला पाणी पाजत होत्या, आणि अध्यक्षमहाराज मांडवात फोटोसाठी हसत उभे होते.

वहिनी परतल्या तेव्हा कुंड्यांतला घेवडा पिळून टाकल्यासारखा झाला होता. मग परसापरसांतून ओरड सुरू झाली. टोमॅटो आकसले, वाटाणा जमिनीवर लोळला, जपून ठेवलेलं बियाणं वाया गेलं, आणि सभासदांनी आज दुपारी सभा बोलावली.

“मी सांगितलं होतं तुला,” वहिनी म्हणाल्या.

“सांगितलं होतं ना. मी कुठं नाही म्हणतोय?” बाबूनं आता कुठं वर पाहिलं. “पण अध्यक्षच चुकला म्हटल्यावर संस्थेवर विश्वास कोण ठेवणार? तुम्हाला लोक मानतात. तुम्हाला माफ करतील. शेवटी दादांची संस्था आहे वहिनी...”

दादांची संस्था! बरोबर तिथंच बोट ठेवलं कृतघ्नानं. “आणि खतघर?” त्यांनी विचारलं.

“काही दिवस दुसरं कुणीतरी बघेल. लोकांना तेवढं दिसायला हवं.”

नवऱ्यामागे ज्या एका जागेनं त्यांना तगवलं, ती जागा हा दोन घासांच्या मधे काढून घेत होता. वहिनींना रडू आलं नाही. संताप आला. पण संस्था मोडली तर ह्यांच्या आयुष्याचं काय उरलं... या एका विचारापुढे त्यांचा राग हरला.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि त्याची बशी उचलून नळाखाली धरली.

दुपारी सभागृह गच्च भरलं. वहिनी उभ्या राहिल्या, ठरलेलं वाक्य बोलल्या, खाली बसल्या. लगेच बाबू उठला. “माझ्या घरातलंच माणूस चुकलं,” आवाजाला कंप देत तो म्हणाला, “याचं दुःख मला तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला नवं खत मिळेल, हा माझा शब्द.” टाळ्यासुद्धा पडल्या!

मागच्या रांगेतून शिंपीकाका उठले. दुकान बंद केल्यापासून त्यांचा सगळा जीव परसातल्या वाफ्यांत होता.

“बाई, माझे वाफे तुम्ही स्वतः आखून दिले होते,” ते म्हणाले. “तुमच्या भरवशावर मी पोतं न बघता ओतलं. असं कसं केलंत?”

वहिनी मांडीवरच्या पदराला घडी घालत राहिल्या.

“जाऊ दे. झालं ते झालं.” काकांनी घसा साफ केला. “खतघरात दुसरा ढीग तयार आहे म्हणतात. तो तरी नेऊ ना? तुम्ही हो म्हणा, मी आजच नेतो.”

तो ढीगही त्याच तबेल्यातला होता. वहिनींनी बाबूकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच खुणावलं... हो म्हणा.

स्वतःच्या माथ्यावर खापर फोडून घेणं त्यांना जमलं होतं. उभा जन्म तेच तर केलं होतं! पण हा माणूस इतक्या अपमानानंतरही त्यांच्याच शब्दावर पोतं उचलायला तयार होता, आणि त्याला त्याच तोंडानं हो म्हणायचं?

“नेऊ नका काका,” त्या उठल्या. “तोही ढीग त्याच लिदेचा आहे. आणि मघाशी मी खोटं बोलले. चाचणी राहिली नव्हती. कुंड्या लावल्या होत्या आणि थांबा म्हणूनही सांगितलं होतं.”

“मग कुलूप काढलं कुणी?” काकांनी विचारलं.

“ज्यानं काढलं त्यानं सांगावं. इथून पुढे मी कुणाच्या वतीनं बोलणार नाही.”

बाबूनं समोरचा पेला उचलला, न पिता ठेवला. “मी काढलं,” तो शेवटी म्हणाला. “वहिनी हिच्याजवळ दवाखान्यात होत्या... मेळावा तोंडावर आला होता, आणि...”

“मेळाव्याचं राहू दे,” वहिनी कडाडल्या. “त्या मातीचं आता काय करायचं, ते सांग काकांना.”

“मला... मला माहीत नाही.”

शिंपीकाका मात्र वहिनींकडेच बघत होते. “बाई, दिराला वाचवायला आमची परसं मरू देणार होतात?”

ते वहिनींच्या काळजात घुसलं, कारण ते खरं होतं. “हो काका,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

बाबूनं त्याच सभेत खुर्ची सोडली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. “मला दोन थोबाडीत द्या वहिनी, पण असं गप्प राहू नका. दादांना काय तोंड दाखवू मी?”

“दादांचं सोड. माझ्याकडे बघून बोल,” वहिनी म्हणाल्या. त्यानं बघितलं; पहिल्यांदाच, नीट. “मी चोर आहे,” तो म्हणाला. “तुमचं सगळं घेतलं मी, आणि वर तुमचं नावही घ्यायला निघालो.” वहिनींचे डोळे तेव्हा भरून आले. “आत्ताच काय ते रडून घे,” त्या म्हणाल्या. “उद्या काकांकडे रडलास तर ते बिचारे तुझ्यासाठी चहा टाकतील आणि काम राहील बाजूला.”

सकाळी दोघं फावडी घेऊन शिंपीकाकांच्या परसात गेले. काकांनी दोघांना खालवर न्याहाळलं, वहिनींच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि आतून एक खुर्ची आणून ठेवली.

“बसा,” ते म्हणाले. “खणायचं ज्यानं, तो खणेल.”

बाबू विषारी माती खरवडून पोत्यात भरू लागला. फावड्याचा दांडा त्यानं चुकीचा धरला होता; थोड्या वेळात हाताला फोड येणार, पाठ धरणार, हे वहिनींना बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यांचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर टेकले. मग त्यांनी ते उचलून पुन्हा मांडीवर ठेवले.

“वहिनी, एवढं पुरे?” त्यानं घाम पुसत विचारलं.

“नाही रे राजा,” वहिनी म्हणाल्या. “अजून खोल.” आणि त्या उठल्या नाहीत.