बहात्तरचा कोट

अनोळखी मुलाच्या कोटाला हात घालणं हे चांगल्या घरच्या मुलीचं लक्षण नाही, हे अर्पिताला ठाऊक होतं. पण समोरची कॉलर इतकी रुंद होती, की तिचा इलाजच खुंटला!

नेरच्या एका लग्नातली ही गोष्ट. एप्रिलचं ऊन, मठ्ठ्याच्या पातेल्याशी झुंबड... आणि त्या झुंबडीत एक उंच, सावळा मुलगा चक्क करडा गरम सूट घालून घामानं निथळत उभा. अर्पिता नागपुरात कपड्यांचं शास्त्र शिकली होती. पुरुषांचे जुने सूट जमवायचे, ते कोणत्या साली शिवलेत ते हुडकायचं आणि नाटक-सिनेमावाल्यांना भाड्यानं द्यायचे, हा तिचा यवतमाळातला धंदा. त्यामुळे जुना कोट दिसला की तिला राहवत नसे.

"एक मिनिट हं," म्हणत तिनं त्याच्या कोटाची बाजू उलटली आणि आतल्या खिशावरची शिंप्याची पट्टी वाचायला लागली.

"ओ मॅडम, खिसा रिकामा हाय!"

"मी साल शोधतेय. हं... एकाहत्तर. फार तर त्र्याहत्तर."

"कशावरून?"

"कॉलर चार बोटं रुंद आहे. सहासष्ट-सदुसष्टचा असता तर दोनच बोटं असती. आणि पँट बेलबॉटम. पँटला बटणं आहेत की चेन?"

विचारून गेली आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

"चेन हाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पण हे तुमी माह्या तोंडचंच खरं माना बाप्पा."

दोघंही खो खो हसले. त्याचं नाव नयन. नेरलाच घर, कपाशी-तुरीची शेती. "आबाजीचं लग्न बहात्तरले झालं, त्यातला सूट हाय हा. त्याईची एकच जिद्द, नातवानं हाच घालून मिरवावं. मी सकाळपासून शिव्या देऊन राह्यलो होतो मनातल्या मनात..." तो थांबला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता नाही देत."

मग नयनला यवतमाळची कामं फार निघू लागली. कधी मुकुटबनच्या मामाचा कोट घेऊन यायचा, कधी कोणा गुरुजींचा. एकदा भर पावसात पॉलिथिनमध्ये गुंडाळून असाच एक कोट आणला. स्वतः ओलाचिंब, कोट कोरडा ठणठणीत. अर्पितानं कोट उलटसुलट केला.

"हा किती जुना म्हणालास?"

"लय जुना. मागच्या दिवाळीतला."

"मग आणलास कशाला?"

"कोट द्याले थोडीच आलतो..." केसांतलं पाणी झटकत तो पुटपुटला. त्या दिवशी तिनं त्याला दोनदा चहा पाजला, आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरली. तोही निमूटपणे प्यायला.

दसऱ्याच्या सुमारास तिनं घरी विषय काढला. शेतीवाडीचं घर म्हटल्यावर बाबांची कळी खुलली. पण नयनच्या आजोबांचं नाव श्रीकृष्णराव, हे ऐकलं मात्र, त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"सहासष्ट साली तुह्या कुंदाआत्याचा साखरपुडा झाला होता त्या माणसाशी. तुह्या आजोबांनी शुद्ध लोकरीचं, करड्या रंगाचं सूटचं कापड दिलं. महिन्याभरात त्यानं लग्न मोडलं, आन कापड मात्र ठेवून घेतलं! मंग तोच सूट शिवून दुसरीसंगं बोहल्यावर चढला. करडाच सूट होता, पाह्यलाय मी फोटो. माह्या बहिणीनं जन्मभर लग्न केलं नाही. त्या घरी माही पोरगी जाणार नाही!"

कुंदाआत्या तिथंच बसली होती. निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशीला टेकलेली. ती मान खाली घालून भेंड्या चिरत राहिली.

"पण बाबा, तो सूट बहात्तरचा आहे. मी पाहिलाय."

"शिवला असंल बहात्तरले. कापड आमचंच!"

रात्रभर तिला डोळा लागला नाही. नयनशिवाय कसं जगायचं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

सकाळी तिनं नयनला फोन केला, आणि दुपारच्या एसटीनं तो सूट घेऊन हजर झाला. बाबा त्याला 'बस' म्हणाले नाहीत. तो उभाच राहिला. कुंदाआत्या आजही कोपऱ्यात विळीवर भाजी चिरत होती.

अर्पितानं पँटचा दुमडलेला काठ किंचित उसवून एक धागा ओढला. "लोकर जळली की केसाचा वास येतो, आणि मागे चुरता येणारी राख उरते," ती बाबांना म्हणाली. "टेरेलीनचा कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो, त्याचा टणक मणी होतो."

तिनं आगपेटीची काडी ओढली. राख झाली तर सगळंच संपलं! वरच्या पंख्यानं एक काडी विझली. दुसऱ्या काडीला नयननं पुढं होऊन दोन्ही हातांचा आडोसा केला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली — गारठलेली होती. तोही घाबरला होता तर...

धागा आक्रसला, काळा पडला. अर्पितानं तो चिमटीत चुरून पाहिला. चुरेना. इवलासा टणक मणी तिनं बाबांच्या तळहातावर ठेवला.

"टेरेलीन मिसळलेलं कापड आहे, बाबा. आजोबांनी दिलेलं हे नव्हेच."

बाबांनी तो मणी नखानं दाबून पाहिला. "मंग आमचं कापड गेलं कुठं?"

"तुह्या अंगावर गेलं, अमर," कुंदाआत्या म्हणाली.

सगळे वळले. आत्यानं विळी बाजूला सारली.

"लग्न मीच मोडलं. मले शिक्षिका व्हायचं होतं, आन बाबांना सांगायची छाती नव्हती. म्हणून श्रीकृष्णरावांना म्हटलं, तुमीच नाही म्हणा. त्याईनं म्हटलं, आन कापडही गुपचूप माह्या हाती वापस दिलं. आईले सांगतलं मी. तिनं ते रंगाऱ्याकडून निळं करून घेतलं, आन तुले शाळेचा कोट शिवला."

"तो... निळा कोट?" बाबांचा आवाज बारीक झाला. "तो घालून मी पहिला नंबर आणला होता! एकोणसाठ वर्षं मी त्या माणसाले शिव्या देऊन राह्यलो, ताई! बोलली काहून नाहीस?"

"आधी बाबांची भीती. मंग तुहा राग इतका जुना झाला, की त्याले हात लावायची भीती. चुकलंच माहं. पण त्याईनं एवढी वर्षं माह्यासाठी बोल सोसले, तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून तर म्हणते, घर चांगलं हाय."

बाबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. मग नयनकडे वळून घसा खाकरला.

"बस ना. उभा काहून? रंग कोणता आवडते तुले?"

"कशाचा, काका?"

"सूटच्या कापडाचा! साखरपुड्यात द्यायचं असते ना."

अर्पिताचे डोळे भरून आले. हसू की रडू, तिला कळेना. नयन तिच्याकडेच पाहत होता.

"रंग अर्पितालेच विचारा. पण काका, एक विनंती हाय... कापड नका देऊ. शिवूनच द्या. शिवलेला सूट कोणी वापस घेत नाही."