एका माणसापुरतं टेबल

तुम्हाला म्हणून सांगते. भर दुपारची गोष्ट. काम रोजचंच होतं, फक्त त्या दिवशी टेबलावर माझी ताई होती.

तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. कधी फुटेल, नेम नाही. त्याचं तोंड इतकं रुंद, की आत तारेची वेटोळी भरली तरी ती बाहेर घरंगळणार. म्हणून आधी तोंडावर बारीक जाळीचा स्टेंट बसवायचा. घरच्या माणसाने तिथे थांबू नये, असा नियम. पण लोकांचे कपडे शिवून मला तंत्रज्ञ केलं ते ताईनेच. ती ठसक्यात म्हणाली, "मशीन माझी बहीणच चालवणार. शिकवलंय कशाला?" डॉक्टर मॅडमनी तिच्यापुढे हात टेकले.

काचेच्या अलीकडे मी. पलीकडे मॅडम, नर्स आणि भूल देणारे डॉक्टर. दिवे मंद. स्पिरिटचा वास. मांडीतून घातलेली केसासारखी तार एक्स-रेच्या पडद्यावर मेंदूकडे सरकत होती. मॅडम तारेवरच्या बारीक नळीतून जाळी सोडणार, इतक्यात स्पीकरवर बाईचा दबका आवाज आला.

"थांबा... टोक भलत्या फांदीत गेलंय..."

मॅडमचा हात थबकला. मी चित्र मोठं केलं. खरंच गेलं होतं! तिथे जाळी सुटली असती, तर ताईची वाचा गेली असती.

मॅडमनी जाळी परत नळीत ओढली, नीट बसवली आणि वेटोळ्यांनी फुगा गच्च भरला. पडद्यावर रक्त सरळ वाहू लागलं, तसा माझा ऊर भरून आला. असं काम बघायला भाग्य लागतं.

"शाबास गं, बरोबर पकडलंस," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम... मी नाही बोलले."

नर्सनेही नकारार्थी मान हलवली. ताईच्या तर घशात नळी होती.

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली. हातपाय हलवले, मला ओळखलं. मॅडम खाटेशीच होत्या.

"ती कुठे गेली?" ताईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"माझ्या शेजारी झोपलेली."

"ताई, ते टेबल एका माणसापुरतंच असतं गं."

"म्हणून तर खेटून होती. गार... बर्फासारखी. मॅडमचं फार कौतुक करत होती. म्हणाली, माझ्या वेळी यांचा हात एवढा बसला नव्हता..."

मी हसून सोडून देणार होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताईची चादर सारखी केली आणि अगदी हळू विचारलं,

"आजही डाव्या कुशीवरच होती ना?"