उशीवरून दिसणारी पाटी

शिडी कुणी धरली होती?

धाकट्यानं हे ठेकेदाराला विचारलं, पोलिसाला विचारलं, दादाला चादरीखाली ठेवलं होतं तिथल्या माणसालाही विचारलं. जो तो नजर चुकवायचा. बाबा तर म्हणाले, "विचारून काय माझा पोरगा परत येणार आहे?" झालं, विषय तिथेच मिटला.

मानेला निळं फडकं बांधून दादा पाट्यांना दिवे बसवायचा. नवी पाटी लागली की पहिली रात्र समोरच्याच हॉटेलात काढायची आणि पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहायचं, ही त्याची रीत. एखादं अक्षर लुकलुकलं तर त्याला झोप लागत नसे. नाचघराच्या या पाटीवरूनच तो पडला. महिन्याभरानं दुसऱ्यांनी काम पुरं केलं आणि आज ती पहिल्यांदा लागणार होती. दादाची राहिलेली रात्र आपण काढायची, एवढंच डोक्यात घेऊन धाकटा घरी न सांगता निघून आला.

दिवेलागणीला रस्ता फुलत होता. दारोदारी वेगळं गाणं, अत्तराचा आणि तळणाचा वास, "या साहेब, खोली बघा" म्हणत बाही धरणारे दलाल. पहिल्या हॉटेलात उशीवर डोकं टेकलं तर निम्मीच पाटी दिसली. दुसऱ्यात खिडकीसमोर नुसती भिंत. तिसऱ्या हॉटेलची मालकीण त्याला आडवा झालेला बघून हसू लागली.

"लोक आधी न्हाणीघर बघतात रे बाबा. तू आपला थेट उशीवर!"

"इथून पूर्ण दिसते, काकू. हीच द्या."

"परवा एकजण आलेला, तोही असाच पडला. बुटांसकट! काही बोलेना. मी चादर आणायला वळले, तर..."

"मानेला निळं फडकं होतं?"

तिचं हसू मावळलं. "तुमच्यातलाच का?"

धाकट्यानं तोंड उशीकडे वळवलं. उशीला जळक्या वायरीचा वास येत होता.

ती गेली आणि पाटी लागली. लाल उजेड पाण्यासारखा खोलीत भरत गेला. खालची गाणी त्या पाण्यात बुडाली, दूर गेली. शेवटचं अक्षर मात्र लुकलुकत होतं.

टक... टक.

पक्कड शिडीवर आपटल्याचा आवाज. गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून दादानंच ठरवलेली खूण. दोनदा म्हणजे धर. तीनदा म्हणजे उतरलो, आता सोड.

धाकटा खिडकीशी आला. मघाशी पाटीखाली काहीच नव्हतं. आता तिथे दादाची बांबूची शिडी उभी होती, वरच्या पायरीला निळं फडकं बांधलेली. वर कुणी नव्हतं. तरी ती थरथरत होती.

तो अनवाणीच खाली धावला. शिडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं हसत चालली होती. एकाचीही नजर तिच्याकडे जात नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली. बांबू त्याच्या तळव्यांखाली तेवढ्याच जागी गरम होता, जणू कुणाचे तरी हात आत्ताच तिथून निघाले होते. वर वजन होतं. ओळखीचं, एका माणसाएवढं.

"दादा?"

शेवटचं अक्षर स्थिर झालं. मग...

टक... टक... टक.

तीनदा. पण आवाज वरून आला होता. जमिनीला पाय टेकल्याशिवाय दादा तीनदा कधीच वाजवत नसे. आणि वजन तसूभरही हललं नव्हतं.

"आधी खाली ये," धाकटा हळूच म्हणाला, आणि शिडी घट्ट धरून उभा राहिला.