कुंपणाआडची कुसळी

जमनाला पहिला मुलगा झाला ते साल १९३८. बारसं दसऱ्याच्या आधी उरकलं, पण घरातला पाहुण्यांचा राबता काही थांबेना. पाळणा हलवणं, पाणी भरणं, वासराला गवत आणणं, सगळं जमनाच्या नणंदेवर, शांतीवर येऊन पडलं. त्यातच तिच्या बापूंनी, म्हणजे चुनीलाल पाटलांनी, शहाद्याकडचं एक स्थळ काढलं होतं. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फुटणार होती. हे कानावर आल्यापासून शांतीचा पाय घरात ठरेना.

एका दुपारी विळा घेऊन ती पडीक रानात गेली. ढोरांनी रान पार बोडकं केलेलं. फक्त बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाआड गवत कमरेइतकं उभं होतं. पुण्याच्या कुणा विद्यार्थ्याला बापूंनी तो तुकडा उन्हाळ्यात दिला होता, हे तिला ठाऊक होतं. पण पुणं लांब होतं. फट शोधून ती आत शिरली, पहिली मूठ कापली, आणि...

"ते कापायचं नाही!"

चष्म्याच्या काचा पुसत एक तरुण उभा होता. गावातल्या दगूबाईचा भाचा, रूपचंद.

"रान मन्हा बापूनं शे," शांती म्हणाली.

"आणि गवत माझ्या परीक्षेचं आहे. शेतकी कॉलेजात शिकतो मी. कुरणाचा अभ्यास आहे."

"गवतना अभ्यास? मंग ते ढोरं बी कॉलेजमा जात व्हतीन!"

"जातात की. दोन-तीन तर माझ्याच वर्गात आहेत."

शांतीला हसू आवरेना. त्यालाही बरं वाटलं. तो सांगू लागला. ढोरं आत येऊ दिली नाहीत तर कोणतं गवत परत येतं, आणि त्या गवताला कोणती रानटी जनावरं येतात, ते बघायचं. ओल्या मातीत त्याने रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, खुराचा ठसा दाखवला. सशाचा माग दाखवला. मग त्याची नजर तिच्या अनवाणी पावलांच्या ठशांवर आली.

"हे जनावर मात्र... नवीन दिसतंय."

"हाई जनावर चावस बरं!"

त्याने सुवासिक रोशा गवताचं एक पातं बोटांत चुरडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं. संध्याकाळी पाळण्याची दोरी ओढताना तो वास तिच्या हाताला होता. दोनदा हात धुतला, तरी होता.

मग वासराला रोजच भूक लागू लागली.

रूपचंद कुंपणाच्या कडेचं गवत स्वतःच कापून ठेवी. ती आली नाही तर तो बांधावर येरझाऱ्या घाली. ती आली की मात्र गवताशिवाय दुसरं बोलत नसे. शेवटी एक दिवस शांतीच म्हणाली, "तुळशीनं लगीन व्हयनं का मन्ही सुपारी फुटी."

"हं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने तिला एकच गवत दोनदा दाखवलं आणि दोन्ही वेळा वेगळं नाव सांगितलं. पण जे सांगायला हवं होतं, ते... नाहीच.

घरी ओसरीवर जमना बाळाला मांडीवर घेऊन बसे. शांती आली की तिच्या लुगड्याचा काठ ओढून घेई आणि त्यात रुतलेली कुसळं एकेक करून वेची.

"भाबी, रानमा चिकटनात..."

"म्हायती शे रानमा," एवढंच म्हणून जमना ती मूठभर कुसळं चुलीत टाकी.

तुळशीचं लग्न झालं. शहाद्याचे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. आणि आदल्या सकाळी रूपचंद पुण्याला जायचा म्हणून निरोप घ्यायला आला. बापू खाटेवर बसले होते. रूपचंद उत्साहाने सांगू लागला.

"काका, तुमच्या रानानं कमाल केली. शेडा गवत परत आलं, पवना परत आला. आणि कुसळी तर... कुंपणाच्या आत भरून पिकली! बाहेर एक कुसळ सापडणार नाही. फुलण्याआधीच ढोरं खाऊन टाकतात."

बापूंनी त्याच्या धोतराकडे पाहिलं. सोगा कुसळांनी भरलेला. मग त्यांची नजर दाराकडे गेली. पाण्याचा तांब्या घेऊन शांती उभी होती. रात्रभर बाळ रडत होतं. कालचा काठ वेचायला जमनाला सवड झाली नव्हती; कुसळं तशीच रुतलेली होती.



"बरं," बापू सावकाश म्हणाले. "आनि आतमा जनावर कोनतं कोनतं येस?"

"रोही येतो... ससा... तितर..."

"रोज?"

"रोज... नाही."

"मंग रोज कोन येस?"

 ससा म्हणून सुटता आलं असतं. त्याने शांतीकडे पाहिलं. ती खाली बघत नव्हती, सरळ त्याच्याकडेच बघत होती. आता नाही बोलला तर उद्या ती शहाद्याची होणार.

"शांती येस, काका," तो म्हणाला. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. "ती येस नही त्या दिन मन्हं मन लागस नही. शहादाले देऊ नका तिले... माले द्या."

 बापूंचा हात पागोट्याकडे गेला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. सासऱ्यापुढे कधी तोंड न उघडणाऱ्या जमनाचा.

"बापू, महिनाभर मी तिना काठ वेची ऱ्हायनू. पोऱ्या चांगला शे. उद्याना पाहुनासले च्या पाजी देसू... सुपारी आठेच, या पोऱ्यासंगे फुटू द्या."

बापूंनी पागोटं नीट केलं. मग रूपचंदला म्हणाले, "तुन्हा बापले धाडी दे. आनि ते कुंपन उघड आते. वासरू उपाशी ऱ्हास."

शांती तांब्या तिथेच ठेवून आत पळाली. खरं तर पाणी कुणी प्यायलंच नव्हतं.

फाल्गुनात लग्न झालं. तो तुकडा पुढेही दर पावसाळ्यात राखला जाई. दिवाळीला शांती माहेरी आली की आधी कुंपणात जाई, मग ओसरीवर येऊन जमनापुढे लुगड्याचा काठ पसरून बसे. दोघी फारसं बोलत नसत. कुसळं मात्र सावकाश निघत.

१९४४ च्या श्रावणात जमना हिवतापाने वारली. त्या दिवाळीला शांती कुंपणात जाऊन आली, ओसरीवर बसली आणि काठातली कुसळं एकटीच वेचू लागली.